रुपयांचा हिशेब आणि ऊर्जेचा हिशेब : मुंबई हाय तेलक्षेत्राच्या उत्खनन-खर्चाचा ऐतिहासिक अभ्यास (१९७४ ते २०२५)

सारांश

मुंबई हाय हे भारतातील सर्वांत मोठे तेलक्षेत्र. त्याच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचे मूल्यमापन प्रामुख्याने उत्पादित टन आणि खर्च झालेले रुपये या दोन मापांनी झाले. तेल काढण्यासाठी किती ऊर्जा खर्च झाली आणि किती वाया गेली, हे तिसरे माप मात्र निर्णयप्रक्रियेत दुय्यम राहिले. या दुर्लक्षाची ऐतिहासिक कारणे आणि त्याचे परिणाम प्रस्तुत लेखात तपासले आहेत. १९८० च्या दशकात जाळून टाकलेला नैसर्गिक वायू आणि जुन्या होत गेलेल्या क्षेत्राची वाढती ऊर्जा-गरज ही दोन उदाहरणे विवेचनासाठी घेतली आहेत.

बीजसंज्ञा : मुंबई हाय, निव्वळ ऊर्जा, ऊर्जा-परतावा गुणोत्तर, उत्पादन खर्च, वायू-ज्वलन, प्रशासित किंमत पद्धती.

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्याच्या भूमीत खनिज तेल सापडलेले नाही. दख्खनच्या बेसाल्ट खडकावरील काळी जमीन, कापूस, सोयाबीन, ज्वारी आणि लोणारचे सरोवर हीच या जिल्ह्याची ओळख आहे. तरीही हा जिल्हा तेल व वायूच्या इतिहासापासून अलिप्त राहिलेला नाही. विहिरीवरील डिझेल इंजिन, मळणीयंत्र व ट्रॅक्टर यांनी येथील शेती खनिज तेलाशी जोडली गेली. अलीकडे मुंबई-नागपूर वायुवाहिनीचा बहुतांश भाग समृद्धी महामार्गालगतच्या पट्ट्यातून टाकण्यात आला आणि सिंदखेड राजा व मेहकरच्या परिसरातून जाणाऱ्या या मार्गामुळे नैसर्गिक वायू जिल्ह्याच्या शिवारापर्यंत आला. या इंधनाची किंमत येथील ग्राहकाला पंपावरील आकड्यावरून कळते. ते इंधन मिळविण्यासाठी आधी किती इंधन जाळावे लागले, हे मात्र तो आकडा सांगत नाही.

वस्तुतः असा हिशेब वऱ्हाडातील शेतकऱ्याला अपरिचित नाही. ज्वारीच्या राशीतून पुढील पेरणीचे बियाणे बाजूला ठेवावे लागे, बैलजोडीसाठी कडबा व कुटार राखावे लागे आणि त्यानंतर जे उरेल ते घराचे व बाजाराचे. बैलांनी केलेल्या मशागतीचे पीक बैलांच्याच चाऱ्यात संपले, तर बाजारभाव कितीही चढा असला तरी त्या शेतीत अर्थ उरत नाही. तेलाच्या विहिरीलाही हेच तत्त्व लागू पडते. या तत्त्वाच्या आधारे मुंबई हायच्या इतिहासाचे वाचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निव्वळ ऊर्जेच्या संकल्पनेचा विकास

इंधन मिळविण्याचा खर्च इंधनाच्याच मापाने मोजण्याचा विचार १९७० च्या दशकात आकारास आला. १९७३ च्या तेलसंकटात खनिज तेलाचा दर बॅरलला सुमारे ३ डॉलरवरून काही महिन्यांतच १२ डॉलरच्या जवळपास पोहोचला. त्याच वर्षी अमेरिकन परिस्थितिकीशास्त्रज्ञ हॉवर्ड ओडम यांनी निव्वळ ऊर्जेचा प्रश्न ठळकपणे मांडला. १९७४ मध्ये स्वीडनमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेत ऊर्जा-विश्लेषणाच्या पद्धती व संज्ञा निश्चित करण्याचा प्रयत्न झाला. त्याच वर्षी अमेरिकेने अणुऊर्जेतर संशोधनाविषयी केलेल्या कायद्यात नव्या ऊर्जा तंत्रज्ञानाच्या निव्वळ ऊर्जेचा विचार करण्याची तरतूद केली. ओडम यांचे शिष्य चार्ल्स हॉल यांनी कटलर क्लीव्हलँड यांच्यासह १९८१ मध्ये अमेरिकेतील तेलविहिरींचा या दृष्टीने अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे ऊर्जा-परतावा गुणोत्तर ही संज्ञा रूढ झाली.

हे गुणोत्तर काढण्याची रीत सोपी आहे. मिळालेल्या ऊर्जेला ती मिळविण्यासाठी खर्च झालेल्या ऊर्जेने भागावे. गुणोत्तर ५० असल्यास मिळालेल्या १०० एककांपैकी ९८ एकके समाजाच्या वापरासाठी उरतात. ते २० झाल्यास ९५, १० झाल्यास ९०, ५ झाल्यास ८० आणि २ झाल्यास केवळ ५० एकके उरतात. म्हणजेच गुणोत्तर ५० वरून १० पर्यंत घसरले तरी समाजाला फारसा फरक जाणवत नाही. त्यानंतरची प्रत्येक पायरी मात्र जड जाते. संकट जवळ येईपर्यंत ते दिसू नये, अशीच या मापाची रचना आहे. त्यामुळे त्याची नोंद आरंभापासून असणे आवश्यक ठरते.

ही पद्धत निर्दोष आहे असे नव्हे. विहिरीवरील डिझेलच मोजावे, की रिगसाठी वापरलेल्या पोलादाची आणि कामगारांना ने-आण करणाऱ्या हेलिकॉप्टरच्या इंधनाचीही गणना करावी, यावर उत्तर बदलते. हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जागतिक तेल व वायू उत्पादनासाठी केलेल्या अंदाजात हे गुणोत्तर १९९२ मध्ये सुमारे २६, १९९९ मध्ये ३५ आणि २००६ मध्ये १८ असे आले. येथे एक विरोधाभास लक्षात घ्यावा लागतो. अनेक कंपन्यांच्या प्रत्यक्ष ऊर्जावापराची आकडेवारी उपलब्ध नसल्यामुळे असे अंदाज बऱ्याच अंशी खर्चाच्या डॉलरवरूनच बांधावे लागतात. ज्या मापाला पर्याय शोधायचा, त्याचाच आधार घ्यावा लागावा, यावरून मूळ नोंदींचे महत्त्व स्पष्ट होते.

मुंबई हायचा शोध आणि घाईचे अर्थकारण

१९५६ मध्ये स्थापन झालेल्या तेल व नैसर्गिक वायू आयोगाने केशवदेव मालवीय यांच्या पुढाकाराने आणि सोव्हिएत तज्ज्ञांच्या साहाय्याने खंबात (१९५८) व अंकलेश्वर (१९६०) येथे तेल शोधले. १९६० च्या दशकात सोव्हिएत सर्वेक्षण जहाजाने केलेल्या भूकंपीय पाहणीतून मुंबईच्या पश्चिमेस समुद्रतळाखाली मोठी उंचवट्याची रचना असल्याचे दिसून आले. जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या रिगने १९७४ च्या आरंभी तेथे खोदकाम हाती घेतले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये चुनखडीच्या थरात तेल लागले. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या या क्षेत्रातून २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. आरंभी तेल जहाजांतून किनाऱ्यावर आणले जाई. १९७८ मध्ये उरणपर्यंत समुद्राखालून वाहिनी टाकण्यात आली.

शोधाचा काळ येथे निर्णायक ठरला. ज्या महिन्यांत जागतिक तेलदर चौपट झाले, त्याच महिन्यांत मुंबई हायला तेल लागले. ३ डॉलरच्या दराने जी सागरी विहीर तोट्याची ठरली असती, ती १२ डॉलरच्या दराने अत्यंत किफायतशीर झाली. प्रत्यक्षात एका बॅरलमागे लागणारे पोलाद, सिमेंट व डिझेल तेवढेच होते; बदलला तो केवळ भाव. मूल्यमापनाची चौकटही पूर्णतः आर्थिक होती. १९७७ मध्ये जागतिक बँकेने या क्षेत्राच्या विकासासाठी १५ कोटी डॉलरचे कर्ज दिले. अशा कर्जप्रकल्पांची पारख आर्थिक परताव्याच्या दरावर आणि वाचणाऱ्या परकीय चलनावर होत असे. आयात टाळलेला प्रत्येक टन हे यश मानले जाई आणि तत्कालीन परिस्थितीत ते स्वाभाविकही होते.

देशांतर्गत किंमत-धोरणानेही हीच दृष्टी पक्की केली. दामले समिती (१९६१), तालुकदार समिती (१९६५) व शांतिलाल शाह समिती (१९६९) यांनी आयात-समतुल्य किमतीच्या चौकटीत तेलदरांचा विचार केला. त्यानंतर कृष्णस्वामी समितीच्या (१९७६) शिफारशींतून प्रशासित किंमत पद्धती आकारास आली. मान्य खर्च अधिक ठरावीक परतावा हे तिचे सूत्र होते आणि ती १ एप्रिल २००२ पर्यंत टिकली. या पद्धतीत खर्चाची बारकाईने छाननी होई, परंतु ती रुपयांची छाननी होती. प्लॅटफॉर्मवरील टर्बाइन ज्या वायूवर चालत, तो त्याच क्षेत्रातून मिळत असल्याने खरेदीच्या बिलात येत नसे. जे बिलात येत नाही ते खर्चात ठळक होत नाही, आणि जे खर्चात ठळक होत नाही त्याची बचतही कोणाच्या कर्तबगारीत मोजली जात नाही.

जळालेला वायू : हिशेबाबाहेरची ऊर्जा

या दृष्टीची सर्वांत मोठी किंमत नैसर्गिक वायूच्या रूपाने मोजावी लागली. मुंबई हायमधील तेलासोबत विपुल वायू वर येई. तेल साठविता येते, जहाजात भरता येते. वायूला मात्र दाबयंत्रे, स्वतंत्र वाहिनी आणि किनाऱ्यावर तयार ग्राहक लागतो. तेलाची विहीर प्रथम सुरू झाली आणि वायूची व्यवस्था मागून उभी राहिली. उरण येथील राज्य वीज मंडळाचे वायूवर चालणारे वीज केंद्र, तुर्भे व थळ येथील खत कारखाने यांनी १९८० च्या दशकात हा वायू वापरण्यास आरंभ केला. १९८४ मध्ये भारतीय गॅस प्राधिकरण स्थापन झाले आणि दशकाच्या अखेरीस हजिरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनी कार्यान्वित झाली. तरीही उत्पादनाचा वेग वापराच्या पुढेच राहिला. तेल हवे असल्यास वायू बाहेर येणारच, आणि वायूला वाट नसल्यास तो ज्वाला-मनोऱ्यावर जाळणे हाच सुरक्षित उपाय होता.

१९९०-९१ या वर्षी भारतात सुमारे १८ अब्ज घनमीटर वायू निघाला आणि त्यांपैकी पाच अब्ज घनमीटरांहून अधिक जाळून टाकला गेला. यातील मोठा वाटा पश्चिम समुद्रातील क्षेत्रांचा होता. एक अब्ज घनमीटर वायूत सुमारे ९ लाख टन तेलाइतकी ऊर्जा असते, असे धरल्यास त्या एका वर्षात सुमारे ४५ लाख टन तेलाइतकी ऊर्जा आकाशात गेली. त्या वर्षी देशाचे खनिज तेलाचे उत्पादन सुमारे ३३० लाख टन, तर आयात सुमारे २०७ लाख टन होती. म्हणजे जाळलेल्या वायूतील ऊर्जा आयात केलेल्या खनिज तेलातील ऊर्जेच्या पाचव्या हिश्शाहून अधिक होती.

हे वर्ष कोणते होते याचे स्मरण येथे ठेवावे लागते. आखाती संकटामुळे तेलदर भडकले होते, परकीय चलनाची गंगाजळी आटली होती आणि १९९१ मध्ये देशाला सोने तारण ठेवावे लागले. वायू थेट खनिज तेलाची जागा घेत नाही, वाहिनी व दाबयंत्रे उभारण्यासही परकीय चलनच लागले असते, हे मान्य केले तरी वीज व खत निर्मितीत नाफ्था व इंधन तेलाऐवजी वायू वापरता येतो. त्यामुळे परकीय चलन वाचविण्यासाठी घाईने तेल काढताना परकीय चलन वाचविणारेच इंधन जाळले गेले, असा निष्कर्ष टाळता येत नाही. त्यानंतरच्या दशकात परिस्थिती सुधारली. २०००-०१ मध्ये वायूचे उत्पादन सुमारे साडेएकोणतीस अब्ज घनमीटर झाले आणि जाळलेला वायू दीड अब्ज घनमीटरांच्या किंचित वर राहिला. नासाडीचे प्रमाण एकचतुर्थांशाहून अधिक होते, ते विसाव्या हिश्शाच्या आसपास आले. वाहिन्या आणि ग्राहक निर्माण होताच ही बचत शक्य झाली, यावरून अडचण भूगर्भाची नव्हे तर नियोजनक्रमाची होती, हे सिद्ध होते.

येथे ऊर्जा-परतावा गुणोत्तराचीही मर्यादा दिसते. जाळलेला वायू समाजाला मिळत नाही म्हणून तो उत्पन्नात येत नाही. तेल काढण्यासाठी तो वापरलेला नसतो म्हणून रूढ गणनेत तो खर्चातही येत नाही. त्यामुळे या हिशेबात ‘मिळाले’ व ‘वापरले’ यांच्या जोडीला ‘वाया गेले’ असा तिसरा रकाना आवश्यक आहे.

वृद्ध होणारे क्षेत्र आणि वाढता ऊर्जाभार

देशाचे तेल उत्पादन १९८०-८१ मध्ये सुमारे १०५ लाख टन होते. ते १९८९-९० मध्ये ३४० लाख टनांपर्यंत गेले. या वाढीचा मुख्य आधार मुंबई हाय होते. १९८० च्या दशकाच्या मध्यात या क्षेत्राचे उत्पादन दिवसाला सुमारे पावणेपाच लाख बॅरलपर्यंत पोहोचले होते. त्यानंतर उतार आला. थरातील दाब कमी झाला, तेलासोबत येणाऱ्या वायूचे प्रमाण वाढले, अनेक विहिरी बंद ठेवाव्या लागल्या आणि १९९२-९३ मध्ये देशाचे उत्पादन सुमारे २७० लाख टनांवर घसरले.

नव्या विहिरीत थराचा नैसर्गिक दाबच तेल वर ढकलतो. ती निसर्गाने दिलेली फुकट ऊर्जा असते. दाब ओसरल्यावर समुद्राचे पाणी शुद्ध करून मोठ्या दाबाने थरात सोडावे लागते. गॅस लिफ्ट पद्धतीत वायू दाबून विहिरीत सोडावा लागतो. तेलासोबत वाढत्या प्रमाणात येणारे पाणी वर उचलणे, वेगळे करणे व विल्हेवाटीस लावणे यांसाठीही पंप चालवावे लागतात. निसर्गाने जे काम विनामूल्य केले, तेच काम यंत्रांकडून करून घ्यावे लागते. विहीर आटू लागल्यावर मोटेचा सोल लांबत जावा, बैलांच्या खेपा तेवढ्याच राहाव्यात आणि पाटात येणारे पाणी मात्र कमी व्हावे, तसे हे घडते.

२००० नंतर पुनर्विकास योजनांद्वारे नव्या विहिरी व प्लॅटफॉर्म उभारून उताराचा वेग रोखण्यात आला. या टप्प्याला मानवी किंमतही होती. २७ जुलै २००५ रोजी ‘समुद्र सुरक्षा’ हे साहाय्यक जहाज मुंबई हाय उत्तर प्लॅटफॉर्मवर आदळले आणि लागलेल्या आगीत २२ जणांना प्राण गमवावे लागले. प्लॅटफॉर्म नष्ट झाला. कोणत्याही गुणोत्तरात ही हानी मावत नाही. मात्र इतक्या कष्टाने व धोक्याने मिळणाऱ्या इंधनाचा पूर्ण हिशेब ठेवण्याची जबाबदारी त्यामुळे अधिकच वाढते.

२०२४ पर्यंत मुंबई हायचे तेल उत्पादन दिवसाला सुमारे १ लाख ३० हजार बॅरलच्या आसपास आले होते. जानेवारी २०२५ मध्ये बीपी या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड झाल्याचे जाहीर झाले. दहा वर्षांच्या कराराच्या काळात तेल व वायू मिळून उत्पादनात ६० टक्क्यांपर्यंत वाढ होऊ शकेल, असा अंदाज त्या वेळी मांडण्यात आला. ही वाढ बॅरल आणि डॉलरमध्ये मोजली जाणार, हे स्वाभाविक आहे. तथापि वाढीव प्रत्येक बॅरलमागे किती वाढीव ऊर्जा लागली, याची नोंद त्याच तक्त्यात असल्याशिवाय त्या वाढीचे खरे मूल्य कळणार नाही.

मापनाची आजची स्थिती

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये संमत झाला. त्याआधी १९७० च्या दशकातच पेट्रोलियम संवर्धन चळवळ सुरू झाली होती. तिने शेतकऱ्याला डिझेल पंपाचा योग्य फूट व्हॉल्व्ह व पाईप निवडून इंधन वाचविण्याचे धडे दिले. वापराच्या टोकाला कार्यक्षमता मोजली गेली. २०१२ मध्ये उद्योगांना ऊर्जाबचतीची लक्ष्ये देणारी योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ क्षेत्रांत सिमेंट, पोलाद, खत, वस्त्रोद्योग इत्यादी होते. तेलशुद्धीकरण पुढील टप्प्यात आले. उगमाच्या टोकाशी असलेले तेल-उत्खनन त्या पहिल्या यादीत नव्हते.

२०२२-२३ पासून भांडवल बाजार नियामक ‘सेबी’ने मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना एकूण ऊर्जावापर जाहीर करणे बंधनकारक केले, हे महत्त्वाचे पाऊल होय. मात्र त्यातील प्रमुख निर्देशांक उलाढालीच्या प्रत्येक रुपयामागील ऊर्जा हा आहे. तेल कंपनीच्या बाबतीत तो फसवा ठरू शकतो. बॅरलचा दर ४० डॉलरवरून ८० डॉलर झाल्यास तेवढ्याच ऊर्जेत तेवढेच तेल काढूनही कंपनीची ‘ऊर्जा-तीव्रता’ निम्म्यावर येते आणि एका ज्यूलचीही बचत न होता कार्यक्षमता दुप्पट झाल्याचे दिसते. दर घसरल्यास याच्या उलट घडते. २०२३ मधील सुधारणेत प्रत्यक्ष उत्पादनामागील ऊर्जेचाही समावेश झाला, हे स्वागतार्ह आहे. परंतु कंपनीची एकत्रित सरासरी पन्नास वर्षांच्या मुंबई हायला आणि नव्या क्षेत्राला एकाच मापात घालते. वृद्ध क्षेत्राचा ऊर्जाभार त्या सरासरीत दडून जातो.

निष्कर्ष

१. मुंबई हायच्या इतिहासात उत्पादन खर्चाची काटेकोर छाननी झाली; परंतु ती रुपयांच्या मापाने झाल्यामुळे क्षेत्रातच निर्माण होऊन क्षेत्रातच वापरलेल्या वा जाळलेल्या ऊर्जेला निर्णयप्रक्रियेत योग्य स्थान मिळाले नाही.

२. १९८० च्या दशकातील वायू-ज्वलन ही केवळ तांत्रिक उणीव नव्हती. तेलाचे उत्पादन आधी व वायूची व्यवस्था नंतर, या क्रमाचा तो परिणाम होता. १९९०-९१ च्या चलनसंकटाच्या पार्श्वभूमीवर त्याची राष्ट्रीय किंमत मोठी होती.

३. रुपयांचे माप बाजारभावाबरोबर बदलते. ऊर्जेचे माप खडकाच्या स्थितीबरोबर बदलते. क्षेत्र केव्हापर्यंत चालवावे, हा प्रश्न एकट्या पहिल्या मापाने सुटत नाही. मजुरी, जोखीम व प्राणहानी ऊर्जेत मोजता येत नसल्याने एकट्या दुसऱ्या मापानेही तो सुटत नाही. दोन्ही हिशेब शेजारी-शेजारी ठेवणे आवश्यक आहे.

४. प्रत्येक क्षेत्रासाठी मिळालेली, वापरलेली व वाया गेलेली ऊर्जा अशा तीन रकान्यांची वार्षिक नोंद प्रसिद्ध व्हावी. अंतर्गत वापर आणि जाळलेला वायू यांची आकडेवारी शासकीय सांख्यिकीत बऱ्याच अंशी प्रसिद्ध होत आली आहे; तिच्या आधारे मागील दशकांची पुनर्रचना करणे इतिहास, अर्थशास्त्र व भूगोल विभागांच्या संयुक्त संशोधनाला शक्य आहे.

समृद्धी महामार्गालगतच्या वाहिनीतून येणाऱ्या वायूचा काही भाग समुद्रातील क्षेत्रांचा, तर काही परदेशातून द्रवरूपात आलेला असू शकतो. वायू द्रवरूप करण्यातच त्याचा सुमारे दहावा हिस्सा खर्ची पडतो. नळीतून बाहेर येताना दोन्ही सारखेच दिसतात आणि देयकावर दरही एकच असतो. पेरलेले बियाणे आणि राखलेला कडबा वजा करूनच राशीचे मोल ठरविणाऱ्या या प्रदेशात इंधनाचे मोलही त्याच रीतीने ठरविले जाणे उचित होय.